रोजच्या दिवसातून बोध घेण्याची रीत : मराठवाड्यात सेवेला लागलेल्या तरुण सुवार्तिकांसाठी

बायबल कॉलेजातून बाहेर पडून पहिल्यांदाच एखाद्या तालुक्याच्या गावी सेवेला लागलेल्या तरुण सुवार्तिकाजवळ सुरुवातीला संदेशांची शिदोरी भरपूर असते. वर्गात उतरवून घेतलेली टिपणे आणि शिबिरांत ऐकलेले उपदेश काही महिने पुरतात. मग दर रविवारी, शिवाय आठवड्यातल्या घरोघरच्या प्रार्थनासभांत, नवे काय सांगावे हा प्रश्न उभा राहतो, आणि दिसेल त्या गोष्टीचा दृष्टांत करण्याची सवय लागते. टँकर दिसला की जिवंत पाणी, गावात वीज गेली की जगाचा प्रकाश. ऐकणारे माना डोलावतात, परंतु अशा संदेशात टँकरही नीट पाहिलेला नसतो आणि बायबलमधले वचनही नीट वाचलेले नसते.

येथे मांडलेली रीत या सवयीच्या उलट बाजूने जाते. आधी पाहावे, मग त्या कामातल्या जाणत्याला विचारावे, मग ते वचनापुढे धरावे, त्यानंतर स्वतःला लावून घ्यावे आणि दुसऱ्याला सांगणे अगदी शेवटी ठेवावे. क्रम बदलला की सगळे बिघडते. तुमच्या वहीतल्या बहुतेक नोंदी शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचणार नाहीत, आणि तसेच व्हायला हवे.

आधार कोठे आहे

बायबलमधील नीतिसूत्रांच्या २४व्या अध्यायात ३० ते ३४ या ओव्यांमध्ये ही रीत जवळजवळ पायरीवार सापडते. लिहिणारा एका आळशी माणसाच्या शेतावरून आणि द्राक्षमळ्यावरून जातो. तेथे काटे माजलेले, जमीन खाजकुइलीने झाकलेली आणि दगडी कूस, म्हणजे कुंपणाची भिंत, ढासळलेली त्याला दिसते. तो हे पाहतो, मनात घेतो आणि मग त्यापासून शिकतो. झोपेविषयीचे तात्पर्य पुढे येते; त्याआधी ढासळलेल्या कुसापर्यंतचा तपशील नोंदवलेला आहे. यिर्मयाला तर देवाने संदेश देण्यापूर्वी कुंभाराच्या घरी जायला सांगितले (यिर्मया १८). घरी बसून कुंभाराची कल्पना करणे पुरेसे नव्हते. प्रभू येशूही मंदिरातल्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे पाहत होता, आणि शिष्यांना बोलावून विधवेविषयी तो बोलला तो हे पाहून झाल्यावर (मार्क १२).

मराठवाड्यात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोजच्या कामात परमार्थ पाहण्याची दृष्टी या भूमीला मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचे दळणकांडण, तेरच्या गोरोबाकाकांचे चिखल तुडवणे आणि पैठणच्या एकनाथांची भारुडे येथल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक असतात. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांतून आणि कीर्तनातून मराठीत आणली ती याच वळणाने. तेव्हा गावातल्या माणसाला 'साध्या गोष्टीतही देव बोलतो' हे नव्याने शिकवायला आपण आलो आहोत, असा समज करून घेऊ नये. याबाबतीत बहुधा तोच आपल्यापेक्षा पुढे असतो. मात्र संतांची वचने केवळ सभा रंगवण्यासाठी उसनी घेऊ नयेत. जी परंपरा तुम्ही मनापासून वाचलेली नाही तिचे नाव घेऊन केलेले भाषण त्या परंपरेच्या माणसाला लगेच पोकळ वाटते.

पहिली पायरी : आठवड्याला एकच उतारा

डोळे उघडे ठेवायचे तर मनात आधी काहीतरी वस्तीला असावे लागते. रोज सकाळी नवा अध्याय वाचण्याची शिस्त चांगलीच आहे, ती सोडू नका. पण तिच्या जोडीला एक छोटा उतारा, दहा-बारा ओव्यांपेक्षा मोठा नको, सोमवार ते शनिवार रोज तोच वाचा. पहाटे मोठ्याने एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी मनात एकदा. बुधवारपर्यंत कंटाळा येतो. तो येऊ द्यावा, कारण शब्द ओळखीचे झाल्यावरच ते दिवसभर आपल्याबरोबर एस.टी.त, दुकानात आणि शेतावर येतात.

उतारा निवडताना हंगाम पाहावा. मृगाच्या आधी मार्क ४, सोयाबीनच्या काढणीच्या वेळी रूथचे दुसरे प्रकरण, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा मत्तय २०, उन्हाळ्यात योहान ४ किंवा अनुवाद या पुस्तकाचा ११वा अध्याय. हे नुसते सुचवणे आहे. वर्षभराचे वेळापत्रक आधीच आखून ठेवले तर पाऊस लांबलेल्या वर्षी ते तुमच्याच गळ्यात पडेल.

दुसरी पायरी : पाहणे, आणि जे पाहिले तेवढेच लिहिणे

खिशात मावेल अशी वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहिता येते, पण समोरच्या माणसाला वाटते की आपण बोलत असताना हा दुसऱ्याच कोणाशी बोलतो आहे, म्हणून वहीच बरी. तीही माणसासमोर काढू नये, घरी येऊन लिहावे. दिवसाला एकच नोंद पुरे. नोंदीत 'जणू', 'म्हणजेच', 'त्याप्रमाणे' हे शब्द येऊ देऊ नयेत. ते आले की पाहणे संपून उपदेश सुरू झाला असे समजावे.

समजा, उन्हाळ्यात तुम्ही एखाद्या वस्तीवर पाण्याच्या वेळी पोहोचलात. 'लोक पाण्यासाठी तळमळत होते' ही नोंद नव्हे. हे तर आपण न जाताही लिहू शकलो असतो. टँकर किती वाजता आला, पाणी विहिरीत सोडले की थेट भांड्यांत दिले, रांग माणसांची होती की हंड्यांची, रांगेत नंबर कोणाचा धरला गेला आणि कोणाचा मोडला गेला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा हंडा कोणी भरून नेला, कोणाच्या हाताला कोणी हात लागू दिला नाही, हे लिहावे. शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. पाण्याच्या जागी जात कशी वागते हे ज्याने पाहिले नाही त्याला योहान ४ मध्ये विहिरीवर येशूने जिच्याकडे पाणी मागितले त्या शोमरोनी बाईचा पहिला प्रश्न कळणार नाही. 'तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस', हा तिचा प्रश्न येथल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या घुमलेला आहे.

पाहण्याची सवय लागायला वेळ लागतो. सुरुवातीच्या नोंदी एकसारख्या आणि रूक्ष वाटतात. त्यांना सजवू नका.

तिसरी पायरी : जाणत्याला विचारणे

शहरात वाढलेल्या सेवकाने ही पायरी गाळली तर तो भर सभेत उघडा पडतो. पेरणाऱ्याच्या दाखल्याचेच पाहा. आपल्याकडे पेरणी तिफणीने होते. चाड्यावर मूठ धरून बी सोडतात, ते नळ्यांतून नेमके तासात (चरीत) पडते, आणि आता तर बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरतात. अशा शेतकऱ्याला 'काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत' असे वाचून दाखवले की तो मनात म्हणतो, हा पेरणारा कोण अडाणी? महागाचे बियाणे वाटेवर कोण टाकील? प्रश्न रास्त आहे. पॅलेस्टाईनमध्ये त्या काळी बी हाताने फेकून पेरीत, आणि पुष्कळदा नांगरट त्यानंतर होई, त्यामुळे पायवाटेवर किंवा उथळ मातीवर बी पडणे स्वाभाविक होते. हे सांगितले की दाखला उलगडतो. आणि शेतकऱ्याच्या प्रश्नामुळे आपलेही लक्ष जाते की या पेरणाऱ्याचा हात, आपल्या हिशेबाने पाहिले तर, फारच सैल आहे. उतारा आपण कितीही वेळा वाचला असला तरी ही गोष्ट बियाण्याची पिशवी विकत घेणाऱ्याच्या तोंडूनच कळते.

पेरणीविषयी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : पहिला पाऊस पडल्याबरोबर सगळे का पेरीत नाहीत? साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत खरिपाची पेरणी करू नये, असे कृषितज्ज्ञ दरवर्षी सांगतात. तरीही पहिल्या सरीवर मन धावते, कुणी पेरतो, पाऊस दडी मारतो, उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणीचे संकट येते. त्यात दुसऱ्यांदा बियाणे घ्यायला पुन्हा कर्ज लागते. याकोबाच्या पत्रात (५:७) शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट धीराने पाहतो असे म्हटले आहे. हा धीर स्वस्थ बसण्याचा नसतो, ओल तपासत, शेजाऱ्याचे शेत पेरून झालेले पाहत, मन आवरून धरण्याचा असतो, हे त्या शेतकऱ्याशी बोलल्यावर कळते.

मत्तय २० चा उताराही असाच. तेथे द्राक्षमळ्याचा धनी सकाळी लावलेल्या आणि दिवस संपता संपता लावलेल्या मजुरांना सारखीच मजुरी, एक दीनार, देतो. संभाजीनगर, जालना, नांदेड अशा शहरांत सकाळी मजूर अड्ड्यावर माणसे उभी असतात. त्यांच्यापैकी कोणाशी ओळख असेल तर हा दाखला त्याला वाचून दाखवा आणि काहीही न समजावता त्याचे म्हणणे ऐका. आपल्याला वर्गात 'अकराव्या तासाचे मजूर' म्हणजे उशिरा देवाकडे वळलेले लोक असे शिकवलेले असते. अड्ड्यावरचा माणूस मात्र बहुधा धन्याच्या प्रश्नावर थांबतो. 'तुम्ही येथे दिवसभर रिकामे का उभे?' असे धनी विचारतो, आणि ते म्हणतात, 'आम्हांला कोणी कामावर लावले नाही.' दिवस मावळेपर्यंत उभे राहणे हा आळस नव्हे. तोही एक कष्टाचाच दिवस असतो, शिवाय संध्याकाळी घरी काय न्यायचे याची धास्ती वेगळी, हे त्याला सांगावे लागत नाही. पूर्ण दिवसाच्या मजुरीत घर चालते, तासाभराच्या मजुरीत चालत नाही; म्हणून धन्याने दिलेला दीनार त्याला अन्याय वाटत नाही. बीडकडची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, तेथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' धरतात, आणि उचल फिटली नाही तर पुढचे वर्षही त्यातच जाते. अशा कुटुंबापुढे मजुरीचा दाखला वाचताना आपण शिक्षक नसून विद्यार्थी आहोत, हे लक्षात ठेवावे.

विचारण्याचीही रीत असते. वयाने मोठ्यांना काका, मामा, मावशी, आजी अशी हाक मारून, त्यांच्या कामाच्या मध्ये न येता, शक्य असेल तर त्यांच्या कामाला हात लावून विचारावे. शेंगा फोडताना किंवा कापूस वेचताना जे बोलणे होते ते खुर्चीवर बसून होत नाही. आणि 'मला संदेशासाठी हवे आहे' असे म्हणून विचारू नये. खरोखर जाणून घ्यायचे असेल तरच विचारावे.

चौथी पायरी : वचनापुढे धरणे

आता वहीतली नोंद आणि आठवड्याचा उतारा शेजारी ठेवा. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा आग्रह नको. जुळत असतील तर तीन गोष्टी तपासा. उताऱ्याचा मूळ ऐकणाऱ्यांसाठी असलेला अर्थ या जुळणीत मोडतो आहे का? नोंदीतली जी बाजू आपल्याला अडचणीची आहे ती आपण गाळली आहे का? आणि हाच विचार शास्त्रात दुसरीकडे आणखी स्पष्ट सांगितलेला आहे का? तिसरा प्रश्न फार उपयोगाचा आहे, कारण आपल्याला मोठा शोध लागला असे वाटते ते पुष्कळदा नीतिसूत्रांत एका ओळीत लिहून ठेवलेले असते, आणि आपला शोध तेथेच नम्र होतो.

अनुवाद ११ चा दहावा आणि अकरावा श्लोक हे याचे चांगले उदाहरण आहे. मिसर (इजिप्त) देशात बी पेरून पायांनी पाणी द्यावे लागे, वचनदत्त देश मात्र आकाशातल्या पावसाचे पाणी पितो, असा फरक तेथे केला आहे. कोरडवाहू मराठवाड्यात हा उतारा वाचताना पहिला मोह असा होतो की आपला प्रदेशही पावसावर अवलंबून, म्हणजे आपलाही देश वचनदत्त. येथे थांबावे. याच भागात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' नावाच्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. जायकवाडीचे पाणी कोणाला आणि किती, यावर दरवर्षी वाद होतात. त्याच तालुक्यात उसाला पाणी आणि वस्तीला टँकर असे चित्रही दिसते. तेव्हा पावसावरचे अवलंबन म्हणजे निव्वळ भक्तीचा विषय आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. त्याच अध्यायात पुढे पावसाचा संबंध आज्ञापालनाशी जोडलेला आहे, आणि अनुवादाच्या आज्ञांत उपरी, अनाथ आणि विधवा यांच्या वाट्याची काळजी पानोपानी आहे. हा उतारा नीट वाचला तर तो आपल्या प्रदेशाचे कौतुक करण्यापेक्षा पाण्याच्या वाटपाविषयी प्रश्न विचारायला लावतो. जुळणी तपासली नसती तर एक गोड आणि चुकीचा संदेश तयार झाला असता.

जे जुळत नाही ते तसेच ठेवा. वहीत त्या नोंदीपुढे रिकामी जागा सोडा. काही नोंदी वर्षभराने बोलतात, काही कधीच बोलत नाहीत.

पाचवी पायरी : आधी स्वतःला लावणे

या पायरीवर मजकूर थोडा आहे आणि काम फार. जुळलेल्या नोंदीखाली प्रथमपुरुषी एकवचनात एकच वाक्य लिहा आणि ते उद्या करता येईल असे असू द्या. 'आपण सर्वांनी धीर धरला पाहिजे' हे वाक्य चालणार नाही. 'मंडळीतल्या ज्या तरुणाने दोन रविवार तोंड दाखवले नाही त्याच्या घरी जाऊन, का आला नाहीस हे न विचारता, फक्त भेटून येईन' हे चालेल. केले की त्यापुढे तारीख घाला. आठवड्यात एकाही वाक्यापुढे तारीख पडली नाही, तर त्या आठवड्यातला बोध कितीही सुंदर असला तरी तो अजून तुमचा झालेला नाही, आणि म्हणून तो व्यासपीठावरही नेऊ नये.

रात्रीचा आढावा याच पायरीचा भाग समजा. इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी शिकवलेली दिवसाच्या परीक्षणाची प्रार्थना कॅथलिक परंपरेत चारशेहून अधिक वर्षे चालत आली आहे आणि ती कोणत्याही मंडळीच्या सेवकाला उपयोगी पडते. आधी दिवसाबद्दल उपकार मानायचे, पवित्र आत्म्याचा प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस क्रमाने डोळ्यांपुढून न्यायचा, जेथे चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्याकडे पाहायचे. पंधरा मिनिटे पुरतात. दमलेल्या दिवशी निदान पहिला भाग तरी सोडू नये. उपकार मानताना नावानिशी मानावेत : कोणी जेवू घातले, कोणी गाडीवर मागे बसवून आणले, कोणी खोट्या स्तुतीऐवजी खरे ऐकवले.

जेवणाच्या ताटापुढे

येथे थोडे आडवळण घेतो, कारण तरुण सेवकाचे शिकणे बरेचसे दुसऱ्यांच्या घरी जेवताना होते. लूक १० मध्ये प्रभूने शिष्यांना पाठवताना जे पुढे वाढतील ते खा, घरोघर फिरू नका, असे सांगितले आहे. मराठवाड्यात हे पाळणे अवघड नाही. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी प्रेमाने पुढे येते, हुरड्याच्या दिवसांत शेतावर बोलावणे येते, आणि लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळे गाव शेतात जाऊन आंबील-भज्जीच्या जेवणाला वाटेवरच्या परक्यालाही बसवते. अवघड असते ते ताटापुढे बसून केवळ पाहुणा राहणे. अशा वेळी मनात दृष्टांत जुळवू नये. यजमानाचे बोलणे ऐकावे, पोट भरून जेवावे आणि आभार मानावेत. नैवेद्याच्या अन्नाविषयी तुमच्या विवेकाला अडचण असेल, तर पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र (अध्याय ८ ते १०) तुमच्या वडीलधाऱ्या पाळकांबरोबर आधीच वाचून काय करायचे ते ठरवून ठेवा. यजमानाच्या अंगणात बसून त्यावर चर्चा करणे हा त्याचा अपमान आहे.

घरातल्या गरिबीविषयीही तेच. आपल्यासाठी शेजारून साखर उसनी आणली हे लक्षात आले तर ते वहीत लिहावे, पण संदेशात कधीही आणू नये. विधवेने भांडारात टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, प्रभूने शिष्यांना दाखवल्या. तिला उभे करून तिचे कौतुक केले नाही.

सहावी पायरी : सांगावे की नाही

दुसऱ्याच्या आयुष्यातली गोष्ट सांगण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. नुसते नाव बदलून भागत नाही, कारण शंभर उंबऱ्यांच्या गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. मुलांच्या, आजारपणाच्या, घरातल्या भांडणांच्या आणि कर्जाच्या गोष्टी परवानगी मिळाली तरी सांगू नयेत. एखाद्याने प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेली अडचण ही साक्ष नव्हे. साक्ष ज्याची त्याने द्यायची असते.

सर्वांत अधिक जपायचे ते संकटांविषयी. या प्रदेशाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप पाहिला आहे. आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झाले होते, लोक गाढ झोपेत होते, आणि माती-दगडांच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे गेली. त्यातून वाचलेली माणसे आज तुमच्यासमोर सभेत बसलेली असू शकतात. दुष्काळ, गारपीट, शेतकऱ्याची आत्महत्या ही येथल्या घरांतली दुःखे आहेत. अशा घटनेतून 'देवाला काय शिकवायचे होते' हे सांगण्याचा मोह प्रत्येक तरुण उपदेशकाला होतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याचा विषय निघतो तेव्हा प्रभू विचारतो की ते यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते काय, आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच तो बोलणे ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. मेलेल्यांविषयी त्याने एकही तात्पर्य काढले नाही. आपणही काढू नये. शोक असलेल्या घरी वही, उतारा आणि बोध हे सगळे बाहेर ठेवून आत जावे, आणि बोलायचेच असेल तर स्तोत्रसंहितेतले एखादे विलापगीत वाचून गप्प बसावे.

ही सगळी गाळणी लावून जे उरेल ते सांगायला योग्य. सांगताना पाहिलेली गोष्ट आधी पूर्ण सांगा, घाई करू नका, आणि तात्पर्य शक्य तितके लहान ठेवा. दाखला सांगून झाल्यावर प्रभूने पुष्कळदा अर्थ ऐकणाऱ्यावर सोपवला. आपल्यालाच तो तीन मुद्द्यांत फोडून सांगण्याची हौस असते. संदेशात रोजच्या जीवनातले एकच उदाहरण पुरे. दोन झाली की लोकांना उदाहरणे आठवतात आणि वचन विसरते. भाषाही जपावी : 'तिफण', 'उचल', 'हंडा' हे शब्द लोकांचे आहेत, ते जसे आहेत तसे वापरा, पण गावाची बोली नक्कल करून बोलू नका.

मंडळीबाहेरच्या लोकांशी बोलताना अधिक सावधपणा हवा. कोणी श्रद्धेविषयी आपणहून विचारले तर सरळ, थोडक्यात आणि न लपवता उत्तर द्यावे. पण त्यांच्या सणाचा, देवळाचा, दर्ग्याचा किंवा बुद्धविहाराचा प्रसंग आपल्या संदेशात तुलनेसाठी वापरू नये. ज्याच्या घरी आपण पाणी प्यालो त्याच्या श्रद्धेला आपल्या दृष्टांतातली काळी बाजू करणे हे पाहुणचाराला शोभत नाही.

काहीच दिसत नाही अशा दिवसांत

असे दिवस येतात, आणि सहसा दुसऱ्या वर्षी येतात. गाव ओळखीचे होते, नवलाई संपते. मानधन वेळेवर येत नाही, घरून लग्नाचे विचारतात, टोळ्या गेल्यावर प्रार्थनासभेला तीन म्हाताऱ्या आणि दोन लहान मुले उरतात. अशा काळात बोध शोधण्याचा खटाटोप वाढवू नये, उलट कमी करावा. नोंद रोजची एक ओळ करावी, उतारा तोच दोन आठवडे ठेवावा आणि हाताचे एखादे काम नेमाने करावे : मंडळीच्या अंगणातली झाडे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांना घेऊन सरकारी दवाखान्याची फेरी. मार्क ४ च्या २६ ते २९ या ओव्यांत बी पेरणारा माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. त्याला ते कळावे अशी अपेक्षाही तेथे नाही. झोप पुरेशी घ्या. दमलेल्या डोळ्यांना टँकरही दिसत नाही.

महिन्यातून एकदा वही घेऊन एखाद्या अनुभवी पाळकाकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या जुन्या, समंजस बाईकडे जावे आणि स्वतःला लावलेली वाक्ये तेवढी वाचून दाखवावीत. त्यांनी हसून 'हे तू मागच्या महिन्यातही लिहिले होतेस' म्हटले तर तो त्या महिन्याचा सर्वांत उपयोगी बोध समजावा. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेलची वसाहत उभी केली, तेव्हापासून मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी कितीतरी तरुण सेवक येताना आणि जाताना पाहिले आहेत, आणि त्यांना फसवणे सोपे नाही.

बदली साधारणपणे पाडव्याच्या किंवा शाळा सुटण्याच्या सुमारास येते. पाडव्यालाच सालगड्याचे साल संपते आणि नवे ठरते, त्यामुळे गावालाही येण्याजाण्याची ती वेळ ओळखीची असते. निघण्यापूर्वी वही एकदा पहिल्यापासून वाचा. ज्या पानांवर लोकांच्या घरातल्या खासगी गोष्टी आहेत ती फाडून जाळून टाका, कारण नव्या गावी त्यांचा उपयोग फक्त दृष्टांतासाठीच होईल. शेती, पाणी, मजुरी, हवामान यांविषयी जाणत्यांनी सांगितलेले मात्र स्वच्छ अक्षरात उतरवून तुमच्या जागी येणाऱ्या सेवकाकडे द्या, आणि कोणते काका कोणत्या वेळी शेतावर भेटतात हेही त्याला सांगा.